महाराणी ताराबाईंचे पूर्वायुष्य आणि विवाह : चरित्रलेखनपद्धतीची एक चिकित्सा

मराठ्यांच्या इतिहासात महाराणी ताराबाईंचे स्थान कोणते, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. इ. स. १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर पंचवीस वर्षांच्या या विधवा राणीने आपल्या चार वर्षांच्या पुत्राच्या नावाने राज्यकारभार हाती घेतला आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, मोगलांशी चाललेला लढा थांबू दिला नाही. शत्रुपक्षाच्या इतिहासकारांनीही त्यांच्या कर्तृत्वाची कबुली दिली आहे. परंतु या सात वर्षांचा प्रकाश इतका प्रखर आहे की, त्याच्या मागील पंचवीस वर्षांकडे पाहताना चरित्रकारांची दृष्टी दिपून जाते. मग जे पुढे घडले त्याचेच प्रतिबिंब मागे पाहिले जाते. प्रस्तुत लेखात ताराबाईंचे बालपण, त्यांचा विवाह आणि राजमाता होईपर्यंतचा काळ यांविषयीच्या लेखनपद्धतीची चिकित्सा करावयाची आहे. ताराबाईंचा गौरव कमी करावा हा या चिकित्सेचा हेतू नाही. तो गौरव अधिक भक्कम पायावर उभा राहावा, एवढीच अपेक्षा आहे.

१

प्रथम निर्विवाद गोष्टी नमूद करू. ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. मोहिते घराणे कऱ्हाडजवळील तळबीडचे. हंबीररावांचे मूळ नाव हंसाजी. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरी येथे प्रतापराव गुजर धारातीर्थी पडल्यानंतर शिवाजी महाराजांनी हंसाजी मोहिते यांना सेनापतिपद देऊन हंबीरराव हा किताब दिला. त्याच वर्षी ६ जून रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि हंबीररावांची बहीण सोयराबाई पट्टराणी म्हणून सिंहासनाजवळ बसली. ताराबाईंचा जन्म १६७५ चा मानला जातो. डिसेंबर १७६१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय ८६ वर्षांचे होते, या हिशेबाशी ते वर्ष जुळते.

म्हणजे ज्या घरात ही मुलगी जन्मास आली, त्या घरातील कर्ता पुरुष राज्याचा सेनापती आणि आत्या राज्याची पट्टराणी होती. आत्येचा मुलगा राजाराम हा २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर जन्मलेला, म्हणजे ताराबाईंहून सुमारे पाच वर्षांनी मोठा. पुढे त्याच्याशीच त्यांचा विवाह झाला. अभ्यासक हा विवाह १६८३-८४ च्या सुमारास झाला असे मानतात. वधूचे वय तेव्हा आठ-नऊ वर्षांचे आणि वराचे तेरा-चौदा वर्षांचे होते.

भोसले आणि मोहिते यांचा हा काही पहिलाच संबंध नव्हे. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई मोहिते घराण्यातील. शिवाजी महाराजांच्या राणी सोयराबाई त्याच घराण्यातील. आणि तिसऱ्या पिढीत ताराबाई. तीन पिढ्यांत तीन वेळा एकाच घराण्यातील मुलगी भोसल्यांच्या घरी आली. परंतु या सोयरिकीमुळे दोन्ही घराण्यांचे राजकारण नेहमी एकच राहिले, असे मात्र झालेले नाही. तुकाबाईंचे बंधू संभाजी मोहिते सुप्यास होते, आणि शिवाजी महाराजांनी आपल्या उमेदीच्या काळात नात्याचा मुलाहिजा न ठेवता ते ठाणे त्यांच्याकडून काढून घेतले. सभासदाने ही हकीकत दिली आहे. सोयरीक आणि राजकीय निष्ठा या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या. पुढील विवेचनात ही खूण लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

२

आता चरित्रकारांच्या पद्धतीकडे वळू. ताराबाईंच्या बालपणाचे जे वर्णन सामान्यतः आढळते, त्याचा साचा ठरलेला आहे. सेनापतीची मुलगी, म्हणून तिला घोड्यावर बसण्याचे आणि तलवार चालविण्याचे शिक्षण लहानपणीच मिळाले. पित्याच्या तोंडून लढायांच्या कथा ऐकून तिच्या मनात पराक्रमाचे बीज रुजले. आणि याच बीजाचा पुढे वृक्ष झाला. हे चित्र मनोहर आहे. त्यात अशक्य असे काही नाही. परंतु हा युक्तिवाद कोणत्या क्रमाने केला जातो ते पाहण्यासारखे आहे. १७०० नंतरच्या ताराबाईंना आपण गडोगडी फिरून युद्धाची सूत्रे हलविताना पाहतो. त्यावरून त्यांना युद्धविद्या अवगत असावी असे अनुमान करतो. त्यावरून ती बालपणीच मिळाली असावी असे दुसरे अनुमान करतो. आणि शेवटी या बालपणीच्या शिक्षणामुळेच १७०० नंतरचे कर्तृत्व शक्य झाले असे विधान करतो. ज्या गोष्टीवरून कारणाचे अनुमान केले, तीच गोष्ट त्या कारणाने सिद्ध केली जाते. तर्कशास्त्रात यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात.

मोठ्या माणसाच्या बालपणात त्याच्या मोठेपणाची चिन्हे पाहण्याची हौस फार जुनी आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९७ मध्ये जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तीत राजाराम पालथे जन्मले आणि तेव्हा हा मुलगा दिल्लीची पातशाही पालथी घालील असे महाराज म्हणाले, अशी हकीकत आली आहे. ज्या वर्षी सभासद हे लिहीत होता, त्या वर्षी मोगलांचा वेढा जिंजीभोवती होता आणि राजाराम महाराज छत्रपती होते. जन्मकाळच्या शकुनाला अर्थ मिळाला तो या नंतरच्या परिस्थितीमुळे. बखरकाराला अशी सवलत देता येते. बखर ही दरबाराची वाङ्मयीन कृती आहे. परंतु आधुनिक चरित्रकार शकुनाच्या जागी ‘संस्कार’ हा शब्द घालून तीच रचना पुन्हा वापरतो, तेव्हा त्याने केवळ शब्द बदललेला असतो, पद्धत बदललेली नसते.

या पद्धतीचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी विवाह होऊन जी मुलगी रायगडावर गेली, तिच्या पुढील घडणीचे सारे श्रेय पित्याकडे आणि माहेराकडे जाते. सासरची सोळा वर्षे मधल्या मध्ये गळून पडतात. जणू ती सेनापतीची मुलगी म्हणून जन्मास आली आणि एकदम राज्यकर्ती म्हणून उभी राहिली! वस्तुतः तिची घडण झाली ती या सोळा वर्षांतच, असे दाखविता येण्यासारखे आहे.

३

विवाहाच्या राजकीय अर्थाविषयीही असाच उलट्या दिशेने विचार होत आलेला आहे. हंबीररावांनी आपली कन्या राजारामास दिली ती त्याला भावी छत्रपती समजून, असा तर्क सहज सुचतो. सोयराबाईंच्या पक्षाला बळ यावे हा या सोयरिकीचा हेतू होता, असा दुसरा तर्कही सुचतो. घटनांचा कालानुक्रम मांडला की, दोन्ही तर्क टिकत नाहीत.

मार्च १६८० मध्ये रायगडावर राजारामाची मुंज व पहिला विवाह झाला. वधू होती प्रतापराव गुजरांची कन्या जानकीबाई. संभाजी महाराज त्या वेळी पन्हाळ्यावर होते. त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल रोजी, शिवाजी महाराजांचे निधन झाले. अण्णाजी दत्तो व मोरोपंत पिंगळे प्रभृती प्रधानांनी दहा वर्षांच्या राजारामास मंचकावर बसविले. या प्रसंगी हंबीररावांची भूमिका निर्णायक ठरली. राजाराम त्यांचा सख्खा भाचा, सोयराबाई सख्खी बहीण. तरीही लष्करासह ते संभाजी महाराजांच्या बाजूला गेले आणि प्रधानांचा बेत फसला. जानेवारी १६८१ मध्ये संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी दुसरा कट उघडकीस येऊन अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, हिरोजी फर्जंद आदींना देहान्त शासन झाले, आणि ऑक्टोबरमध्ये सोयराबाईंचाही अंत झाला. मे १६८२ मध्ये संभाजी महाराज व येसूबाई यांना पुत्र झाला. तोच पुढे शाहू म्हणून प्रसिद्धीस आला.

ताराबाईंचा विवाह झाला तो यानंतर. म्हणजे विवाहसमयी सोयराबाई हयात नव्हत्या. त्यांच्या पक्षातील प्रमुख मंडळी नाहीशी झाली होती. सिंहासनावर संभाजी महाराज स्थिर होते. आणि त्यांना औरस पुत्र झाल्यामुळे राजारामाचा गादीवरील हक्क आणखी एक पायरी मागे गेला होता. राजाराम रायगडावर नजरेखाली राहणारा राजपुत्र होता. अशा राजपुत्रास मुलगी देणारा पिता हा राज्याचा सरसेनापती होता, आणि विद्यमान छत्रपतींचा विश्वासू आधारस्तंभ होता. त्याने ही सोयरीक राज्यलोभाने केली असे मानण्यास या क्रमात कोठेही जागा राहत नाही. राज्याचाच लोभ असता, तर १६८० मध्ये भाच्याला गादीवर बसलेला पाहण्याची संधी हंबीररावांच्या हातात होती. ती त्यांनी स्वतः होऊन सोडली.

मग या विवाहाचा अर्थ कोणता? माझ्या मते तो दोन गोष्टींत शोधावा लागेल. एक, मामाची मुलगी करणे ही मराठ्यांत मान्य असलेली चाल होती. तिला राजकीय कारणाची गरज नव्हती. दुसरे असे की, १६८१ च्या कटानंतर राजघराण्यात जी भेग पडली होती, ती या सोयरिकीने काही अंशी सांधली गेली. संभाजी महाराजांच्या दृष्टीने पाहिल्यास सावत्र भावाचा सासरा हा आपलाच सेनापती असणे, याहून अधिक सुरक्षित योजना कोणती? राजारामाभोवती पुन्हा एखादा असंतुष्ट गट जमू नये याची हमी त्यातून मिळत होती. हंबीररावांच्या दृष्टीने पाहिल्यास मातृहीन भाच्याला आश्रय मिळत होता, आणि १६८० मध्ये राजकारणासाठी दूर सारलेले नाते पुन्हा जोडले जात होते. हे अनुमान आहे, हे खरे. परंतु ते विवाहाच्या वेळी ज्ञात असलेल्या परिस्थितीवरून केलेले आहे, १७०० सालच्या परिस्थितीवरून नव्हे. दोन अनुमानांत निवड करावयाची झाल्यास हाच निकष लावावा लागतो.

येथे आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. राजारामाच्या पहिल्या विवाहाचा काळ महिन्यापर्यंत निश्चित सांगता येतो, तर ताराबाईंच्या विवाहाचा काळ ‘सुमारे’ हा शब्द लावूनच सांगावा लागतो. हा फरक आकस्मिक नाही. पहिला विवाह सिंहासनाधीश्वराच्या पुत्राचा होता आणि त्याला लागूनच महाराजांचे निधन झाल्यामुळे तो सर्वांच्या स्मरणात राहिला. दुसरा विवाह राज्याबाहेर ठेवलेल्या राजपुत्राचा होता. ज्या विवाहातून पुढे एक राज्यकर्ती निर्माण झाली, तो विवाह होताना कोणास महत्त्वाचा वाटलेला नव्हता. नोंदीतील ही अस्पष्टता म्हणजेच त्या वेळच्या ताराबाईंच्या स्थानाचा पुरावा होय.

४

या ठिकाणी युरोपातील एक-दोन उदाहरणे उपयोगी पडतील. मध्ययुगीन इंग्लंडच्या राण्यांचे पूर्वायुष्य पुष्कळदा त्यांच्या विवाहाच्या कागदांतूनच कळते. तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा ही हेनॉ परगण्याच्या काउंटची मुलगी. तिचा व एडवर्डचा रक्तसंबंध चर्चच्या नियमांनुसार निषिद्ध टप्प्यात येत असल्यामुळे १३२७ मध्ये पोपची विशेष परवानगी मिळवावी लागली, आणि जानेवारी १३२८ मध्ये यॉर्क येथे विवाह झाला. निषेध होता म्हणून अर्ज झाला, अर्ज झाला म्हणून कागद उरला. आपल्याकडे मामेबहिणीशी विवाह निषिद्ध नव्हता. उलट तो पसंतीचा होता. त्यामुळे परवानगी नको, म्हणून अर्ज नाही, आणि म्हणून कागदही नाही. तात्पर्य, एखाद्या राणीच्या बालपणाविषयी दफ्तर बोलते की मौन पाळते, हे तिच्या महत्त्वावर अवलंबून नसून त्या समाजातील विवाहाच्या कायद्यावर आणि चालीवर अवलंबून असते. हे मौन कल्पनेने भरून काढण्यापूर्वी त्याचे कारण ओळखणे हे अभ्यासकाचे पहिले काम आहे.

दुसरे उदाहरण सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट हिचे. १४३० मध्ये जन्मलेली ही आंजूच्या रेनेची कन्या १४४४ च्या तूर येथील तहानुसार इंग्लंडच्या राजास देण्यात आली आणि एप्रिल १४४५ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिचा विवाह झाला. पुढे राजाचे मन विकल झाल्यावर आपल्या एकुलत्या पुत्राच्या हक्कासाठी ती वर्षानुवर्षे झगडली. १४७१ मध्ये ट्यूक्सबरीच्या लढाईत तो पुत्र मारला गेला, आणि तिच्या पदरी पराभव आला. विजयी यॉर्क पक्षाच्या काळात जे लिहिले गेले, त्यात तिच्या विवाहापासूनच अनर्थाची सुरुवात दाखविली गेली. फ्रान्समधील मेन प्रांत गेल्याचा दोष त्या कोवळ्या मुलीच्या माथी आला. शेक्सपिअरच्या नाटकांनी ही प्रतिमा कायम केली. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र वेगळ्या दिशेने शोध घेतला. मार्गारेटचा बाप कैदेत असता १४३५ मध्ये तिची आई इझाबेल नेपल्सचा कारभार पाहण्यास गेली होती, आणि आजी योलांद आंजूची व्यवस्था पाहत होती. पुरुषांच्या अनुपस्थितीत राज्य सांभाळणाऱ्या स्त्रिया ज्या मुलीने घरातच पाहिल्या, ती प्रसंग येताच पतीच्या व पुत्राच्या वतीने उभी राहिली यात नवल ते काय?

ताराबाई आणि मार्गारेट यांचे जीवन समान होते असे सुचविण्याचा हेतू नाही. देश, धर्म, काळ, युद्धाचे स्वरूप, सर्वच भिन्न आहे. परंतु राणीच्या घडणीचा शोध तिच्या पित्याच्या तलवारीत घ्यावा की तिच्या भोवतालच्या कर्त्या स्त्रियांत, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच आहे. आणि त्याचे उत्तर आपल्याकडेही दुसऱ्या बाजूने मिळते.

५

रायगडावर ताराबाईंनी प्रत्यक्ष काय पाहिले? त्या गडावर आल्या तेव्हा राजघराण्यातील कर्ती स्त्री येसूबाई होत्या. नात्याने त्या ताराबाईंच्या मोठ्या जाऊबाई. संभाजी महाराज स्वारीवर असता कारभार पाहण्याचा अधिकार त्यांच्याकडे असे, आणि त्यांच्या नावाची स्वतंत्र मुद्राही होती. राज्यातील स्त्री केवळ अंतःपुरात नसून तिच्या शिक्क्याने कागद निघतो, ही गोष्ट ताराबाईंना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

डिसेंबर १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत हंबीरराव मारले गेले. ताराबाई तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. याचा अर्थ असा की, राजाराम छत्रपती होण्यापूर्वीच त्यांचे माहेरचे राजकीय छत्र नाहीसे झाले होते. पुढील साऱ्या राजकारणात हंबीररावांची कन्या हा लौकिक त्यांच्या पाठीशी होता. परंतु प्रत्यक्ष सल्ला देणारा, फौज आणून उभा करणारा पिता नव्हता. पित्याच्या छायेत वाढलेली वीरकन्या हे चित्र येथेही वस्तुस्थितीशी जुळत नाही.

फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला. रायगडावर येसूबाईंनी घेतलेला निर्णय सर्वश्रुत आहे. आपला पुत्र शाहू लहान. म्हणून राजारामास मंचकावर बसवून त्याने गडाबाहेर पडावे आणि राज्य राखावे, स्वतः मात्र गड लढवीत राहावे. एप्रिलमध्ये राजाराम महाराज रायगडावरून निघाले. नोव्हेंबरमध्ये गड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या हाती लागले. चौदा वर्षांच्या ताराबाई या प्रसंगाच्या साक्षीदार होत्या, आणि त्यांच्या पुढील जीवनातील दोन मोठे प्रश्न याच प्रसंगात आधीच उभे राहिलेले दिसतात. राजा नसता राज्य कोणी चालवावे, हा पहिला. आणि संकटकाळी ज्याने राज्य राखले त्याचा वंश की ज्येष्ठ शाखेचा वंश, गादीवर खरा हक्क कोणाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर येसूबाईंनी कृतीने दिले. दुसऱ्याचे उत्तर ताराबाईंना १७०७ मध्ये द्यावे लागले.

सप्टेंबर १६८९ मध्ये राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे गेले. राण्या मागे राहिल्या. त्यांचे वास्तव्य मुख्यतः विशाळगडावर होते. त्या समुद्रमार्गाने जिंजीस गेल्या त्या १६९४ च्या सुमारास. म्हणजे सोळा वर्षांच्या वैवाहिक आयुष्यापैकी निदान पाच वर्षे पती-पत्नींमध्ये शेकडो मैलांचे अंतर होते. चरित्रकार ही पाच वर्षे एका वाक्यात ओलांडतात, कारण त्यांत ताराबाईंच्या हातून घडलेली अशी घटना सांगता येत नाही. परंतु या पाच वर्षांत विशाळगड-पन्हाळ्याच्या मुलखात काय चालले होते? रामचंद्रपंत अमात्य हुकूमतपनाह या नात्याने राज्याचा सर्व भार वाहत होते. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव यांची उभारणी याच काळात झाली. गेलेले गड परत घेतले जात होते, वतनांच्या आमिषाने फितूर होणाऱ्या देशमुखांना पुन्हा स्वराज्याकडे वळविले जात होते. छत्रपती दूर असताना गडांच्या आश्रयाने राज्य चालविता येते, हा अनुभव या प्रदेशाने १६८९ ते १६९४ या वर्षांत घेतला; आणि १७०० नंतर ताराबाईंनी जी राज्यपद्धती अवलंबिली ती नेमकी हीच होय. तीच माणसे, तेच गड, तीच पद्धती. चौदाव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत ज्या ठिकाणी राहून एका बुद्धिमती स्त्रीने हे सर्व पाहिले, ते ठिकाण तिची खरी पाठशाळा मानले पाहिजे.

जिंजीस ९ जून १६९६ रोजी ताराबाईंना पुत्र झाला. त्याचे नाव शिवाजी ठेवले. मे १६९८ मध्ये कागलकर घाटग्यांची कन्या राजसबाई यांना संभाजी हा पुत्र झाला. ज्येष्ठ पुत्राची माता या नात्याने ताराबाईंचे स्थान दृढ झाले ते येथे. राणी म्हणून त्यांचे राजकीय महत्त्व विवाहाच्या दिवसापासून मोजणे चुकीचे आहे. विवाहानंतर पाच वर्षांनी त्या छत्रपतींच्या पत्नी झाल्या, आणि बारा वर्षांनी वारसाच्या माता. खाफीखानाने त्यांच्याविषयी लिहिताना पतीच्या हयातीतच मुलकी व लष्करी बाबींतील जाणतेपणाबद्दल त्यांची ख्याती झाल्याचे सांगितले आहे. जिंजीच्या वेढ्याचा काळ ज्याने मोगलांच्या बाजूने स्वतः पाहिला, तो भीमसेन सक्सेना तर त्यांना पतीपेक्षाही समर्थ ठरवितो. हे दोन्ही साक्षीदार विरुद्ध पक्षाचे आहेत. आणि दोघांच्याही साक्षीचा रोख माहेरच्या बालपणाकडे नसून सासरच्या कारभाराकडे आहे. चरित्रकारांनी ही वाक्ये पुन्हापुन्हा उद्धृत केली, पण त्यांचा रोख मात्र पाहिला नाही.

६

यावर एक आक्षेप येणे शक्य आहे. पूर्वायुष्याचा हा तपशील असा लावला काय आणि तसा लावला काय, १७०० नंतरच्या इतिहासात त्याने कोणता फरक पडतो? फरक पडतो, आणि तो फार मोठा पडतो. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला तेव्हा ताराबाईंनी त्याचा हक्क नाकारला. त्या वर्षीच्या खेडच्या लढाईत त्यांच्या पक्षाचा पराभव झाला, आणि पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या निर्माण झाल्या. ताराबाई जन्मतःच महत्त्वाकांक्षी होत्या, सोयराबाईंच्या माहेरची सत्तेची हाव घेऊन आल्या होत्या, असे एकदा गृहीत धरले की १७०७ चा नकार हा स्वभावदोष ठरतो आणि त्याची अधिक चौकशी करण्याचे कारण उरत नाही. गौरव करणारा चरित्रकार ज्याला ‘जन्मजात तेज’ म्हणतो, त्यालाच निंदा करणारा ‘जन्मजात हाव’ म्हणतो. दोघांचीही विचारपद्धती एकच आहे.

उलट, वर मांडलेला क्रम मान्य केला तर १७०७ च्या भूमिकेत एक राजकीय युक्तिवाद दिसू लागतो. संभाजी महाराजांच्या हातचे राज्य गेले. ते राजाराम महाराजांनी व त्यांच्या माणसांनी नव्याने मिळविले. म्हणून ते राजारामांच्या वंशाचे, असे ताराबाईंचे म्हणणे होते. हा युक्तिवाद बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. शाहूच्या बाजूनेही सबळ मुद्दे आहेत. रायगडावर १६८९ मध्ये जी व्यवस्था झाली तीत ज्येष्ठ शाखेचा हक्क रद्द झाला होता असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु तो वाद आता हक्कांचा आणि अनुभवांचा होतो, स्वभावांचा राहत नाही. इतिहासाला हवा असतो तो असाच वाद.

कोल्हापूरच्या अभ्यासकांवर याबाबत विशेष जबाबदारी आहे. करवीरच्या गादीचा पाया ताराबाईंनी घातला. परंतु १७१४ मध्ये त्या व त्यांचा पुत्र पन्हाळ्यावर कैदेत पडले आणि गादीवर राजसबाईंचा पुत्र संभाजी आला. पुढे करवीरची परंपरा चालली ती त्या शाखेच्या नावाने. सातारच्या बाजूस शाहू व पेशवे हीच इतिहासाची मध्यवर्ती रेषा राहिली. म्हणजे ताराबाईंच्या पूर्वायुष्याची स्मृती जपण्यात दोन्हीपैकी एकाही दरबाराचा स्वार्थ नव्हता. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ या नावाने संपादिलेल्या खंडांचे प्रकाशन १९६९ पासून सुरू झाले, तेव्हा त्यांच्या कारभाराचा अभ्यास कागदांच्या आधारे करण्याची वाट मोकळी झाली. डॉ. ब्रिजकिशोर यांचा इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्ये आला होता, डॉ. जयसिंगराव पवार यांनी मराठीत या विषयाचा दीर्घकाळ व्यासंग केला. कारभाराच्या काळाबद्दल जी शिस्त या अभ्यासकांनी घालून दिली, तीच पूर्वायुष्यालाही लावणे हे पुढील संशोधकांचे काम आहे.

त्यासाठी तीन नियम सुचवावेसे वाटतात. पहिला, प्रत्येक घटनेचा अर्थ तिच्या वेळी जे ज्ञात होते त्यावरूनच लावावा. १६८४ चा विवाह १७०० च्या दिव्याने पाहू नये. दुसरा, स्त्रीच्या घडणीचा शोध माहेरापाशी थांबवू नये. ज्या काळी आठव्या वर्षी मुलगी सासरी जाई, त्या काळाच्या बाबतीत तर मुळीच नाही. तिसरा, जेथे व्यक्तीविषयी कागद बोलत नाही, तेथे स्थळाविषयी आणि भोवतालच्या माणसांविषयी तो काय बोलतो ते पाहावे. १६८९ ते १६९४ या काळातील पन्हाळा, विशाळगड आणि त्यांच्या पंचक्रोशीतील वतनपत्रे, अमात्यांच्या कारभाराचे कागद यांचा या दृष्टीने पुन्हा अभ्यास झाला तर ताराबाईंचे नाव ज्यात नाही असा कागदही ताराबाईंच्या चरित्राचे साधन ठरेल.

कोल्हापूरच्या चौकात ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. शिल्पकाराला एकच क्षण निवडावा लागतो, आणि त्याने पराक्रमाचा क्षण निवडला हे योग्यच झाले. इतिहासकाराला अशी सूट नाही. ज्या मुलीचा विवाह सत्तेबाहेर ठेवलेल्या राजपुत्राशी झाला, जिने बाराव्या वर्षी पिता गमावला, चौदाव्या वर्षी राजधानी सोडली, आणि ऐन तारुण्याची पाच वर्षे सह्याद्रीतील एका गडावर राज्य कसे जगते ते पाहण्यात घालविली, तिची कहाणी वीरकन्येच्या ठरीव कहाणीहून अधिक कठीण आणि अधिक थोर आहे. तिला जन्मतः काही मिळालेले नव्हते, असे नाही. परंतु जे मिळाले ते राज्य राखण्यास पुरेसे नव्हते. उरलेले तिने पाहून, सोसून आणि शिकून मिळविले.